बर्फावरचा डाग

ध्रुवप्रदेशांच्या नकाशांचा इतिहास लिहावयास बसले, तर कधीच नसलेल्या भूमींचे त्यात एक स्वतंत्र प्रकरण करावे लागेल. या भूमी थापाड्यांनी रचल्या होत्या असे नव्हे. ज्यांची साक्ष कोणीही मानावी अशा अनुभवी दर्यावर्दींनी त्या पाहिल्या, त्यांना आपल्या आश्रयदात्यांची नावे दिली आणि नकाशावर रेखाटल्या. पुढच्या माणसाने तेथे जाऊन पाहावे, तो समुद्र!

१८१८ साली ब्रिटिश आरमाराचा जॉन रॉस अमेरिका खंडाच्या उत्तरेकडून पॅसिफिककडे जाणारी वाट शोधीत लँकेस्टर साउंड या सामुद्रधुनीत शिरला. समोर पर्वतांची रांग आडवी पसरलेली त्याला दिसली. वाट बंद आहे असे ठरवून त्याने जहाजे परत फिरवली आणि त्या पर्वतांना आरमार खात्याचे सचिव क्रोकर यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी, त्याच मोहिमेत दुसऱ्या जहाजावर असलेला विल्यम पॅरी पुन्हा तेथे गेला आणि क्रोकर पर्वत जेथे असावयास हवे होते तेथून शिडे फुगवून सरळ पश्चिमेस निघून गेला. रॉसची जी नाचक्की झाली ती काही विचारू नका. आरमाराने त्याला पुन्हा उत्तरेची मोहीम दिली नाही. १८२९ साली तो निघाला तो फेलिक्स बूथ या मद्य गाळणाऱ्या धनिकाच्या पैशावर.

रॉस खोटे बोलत नव्हता. बर्फालगतची हवा अतिशय थंड असते आणि तिच्यावर कधीकधी उबदार हवेचा थर येऊन बसतो. त्या दोहोंमधून जाणारे प्रकाशकिरण खाली वाकतात आणि क्षितिजापलीकडचा बर्फ उचलून, ताणून डोळ्यांपुढे उभा करतात. आपल्याकडे वैशाखात तापलेल्या रस्त्यावर दिसते ते मृगजळ आभाळाला जमिनीवर आणते. ध्रुवाजवळचे मृगजळ समुद्राचे डोंगर करते.

सुमारे नव्वद वर्षांनी हाच खेळ पुन्हा झाला, आणि योगायोग असा की नावही जवळजवळ तेच. १९०६ च्या जूनमध्ये उत्तर ध्रुवाच्या ध्यासाने झपाटलेला अमेरिकन रॉबर्ट पिअरी याने वायव्येस दूरवर एक भूमी पाहिल्याचे आपल्या पुस्तकात लिहिले. मोहिमेला पैसा पुरविणाऱ्या जॉर्ज क्रॉकर यांच्यावरून तिचे नाव क्रॉकर लँड. पिअरीच्या त्या दिवसांच्या रोजनिशीत मात्र अशा भूमीची नोंद नाही. ती त्याला खरोखर दिसली, की देणगीदाराला काहीतरी दाखवावे म्हणून दिसली, यावर आजही वाद घालता येईल. प्रस्तुत लेखकाचा कौल दुसऱ्या बाजूला झुकतो.

ही भूमी गाठण्यासाठी १९१३ मध्ये डोनाल्ड मॅकमिलन निघाला. १९१४ च्या एप्रिलमध्ये तो, त्याचा तरुण सहकारी फिट्झह्यू ग्रीन आणि पिउगाट्टोक व इट्टुकुसुक हे दोन इनुइट वाटाडे कुत्र्यांच्या गाड्यांनी गोठलेल्या समुद्रावर पोचले. एका सकाळी समोर टेकड्या, दऱ्या, हिमाच्छादित शिखरे असा सारा देश उभा! मॅकमिलनने पिउगाट्टोकला विचारले, "कोणत्या बाजूने जावे?" बर्फावर आयुष्य घालविलेला तो माणूस थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, हे धुके आहे. मॅकमिलनने ऐकले नाही. फुटू पाहणाऱ्या बर्फावरून ते आणखी पाच दिवस चालले. ऊन जसे फिरे तसे डोंगर बदलत, सायंकाळी मावळून जात. अखेर मॅकमिलनला परतावे लागले.

त्या सफरीचा शेवट याहून काळा आहे. परतीच्या वाटेवर ग्रीन आणि पिउगाट्टोक दोघेच एका बाजूला टेहळणीस गेले. वादळाने त्यांना गाठले. ग्रीनची कुत्री मेली, दोघांचे बिनसले आणि ग्रीनने बंदूक उचलून पिउगाट्टोकला ठार केले. इनुइट मंडळींना मृत्यू अपघाताने झाला असे सांगण्यात आले. ग्रीनवर कधी खटला भरला गेला नाही. धुक्याला धुके म्हणणारा त्या चौघांतला पहिला माणूस बर्फात राहिला, आणि ध्रुवसंशोधनाच्या कितीतरी पुस्तकांत त्याच्या वाट्याला एक ओळही आलेली नाही.

या गोष्टीला अठ्ठावन्न वर्षे झाली, तेव्हा २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पृथ्वीच्या पाहणीसाठी एक उपग्रह सोडला. लँडसॅट हे त्याचे पुढे रूढ झालेले नाव. सुमारे ९०० किलोमीटरवरून तो सरळ खाली पाही, त्यामुळे क्षितिजावरच्या मृगजळाला वावच उरला नाही. पण भ्रम संपले म्हणावे, तर तसेही नाही. वरून पाहताना सावली खड्ड्यासारखी दिसते, ढग बर्फासारखा दिसतो. शिवाय लँडसॅटच्या छायाचित्रातला एकेक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ८० मीटर. तरीही कॅनडाच्या लाब्राडोर किनाऱ्याची अशी चित्रे तपासताना बेटी फ्लेमिंग या बाईंना किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, एरवी कोणत्याही नकाशात नसलेला एक ठिपका खटकला. १९७६ मध्ये कॅनडाच्या जलसर्वेक्षण खात्याचा एक अधिकारी हेलिकॉप्टरमधून दोराने खाली उतरला. बेट होते, अवघे २५ मीटर रुंद नि ४५ मीटर लांब, सारे बर्फाने झाकलेले. मात्र त्यावर त्याच्याआधी एक पांढरे अस्वल येऊन बसलेले होते. पांढऱ्यावर पांढरे दिसेना; पंजाचा फटकारा अंगावर आला, तेव्हा साहेबांनी वर ओढून घेण्याचा इशारा केला. बेटाचे नाव लँडसॅट बेट असे ठेवण्यात आले.

उपग्रहांची चित्रे पुढे घरोघरी पाहता येऊ लागली आणि हौशी शोधकांचे पेव फुटले. २०१६ मध्ये अंटार्क्टिकाच्या एल्सवर्थ पर्वतरांगेतल्या एका चौकोनी बैठकीच्या शिखराला लोकांनी पुरातन पिरॅमिड ठरविले. खडकाच्या भेगांत पाणी शिरते, गोठते, फुगते आणि कपारी फोडते; लाखो वर्षे हे सर्व बाजूंनी चालले की शिखराला असा आकार येतो. यापेक्षा जास्त शाई त्यावर खर्चू नये.

त्याच खंडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे वर्तुळ मात्र खरोखर कोडे होते. २०१४ च्या डिसेंबरमध्ये जर्मन संशोधकांना विमानातून, किनाऱ्याला चिकटून समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या पठारावर, दोन किलोमीटर रुंदीचे एक वर्तुळ दिसले. उल्का पडून झालेले विवर असावे असा तर्क निघाला. २००४ मधली एक उल्काही त्यासाठी पुढे करण्यात आली. मग जुनी उपग्रहचित्रे काढली गेली, तर हे वर्तुळ १९८९ च्या चित्रातही हजर! २०१६ च्या जानेवारीत संशोधक प्रत्यक्ष तेथे गेले, त्यांनी बर्फाला भोके पाडली आणि खाली पाणी लागले. खंडाच्या उतारावरून सुटणारे जोरदार वारे वरचे भुरभुरीत हिम उडवून नेतात. खालचा काळपट बर्फ उघडा पडतो, तो ऊन जास्त शोषतो आणि वितळतो. उल्केपेक्षा हे उत्तर अधिक काळजीचे आहे. तरंगते पठार हे मागच्या हिमनद्यांना लावलेला अडसर असते, आणि वितळलेले पाणी त्याच्या भेगांत शिरून त्याला फोडू शकते. लार्सन बी नावाचे असे ३००० चौरस किलोमीटरहून मोठे पठार २००२ मध्ये काही आठवड्यांत मोडून पडले होते.

ही उतारावरच्या वाऱ्यांची ओळख आपल्या माणसांनाही आहे. याच किनाऱ्यावर, आणखी पश्चिमेस, शिरमाखर नावाचा बर्फमुक्त खडकाळ पट्टा आहे. तोही १९३९ मध्ये त्याच नावाच्या जर्मन वैमानिकाला प्रथम आकाशातूनच दिसला. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकावर पोचली. आपले पहिले ठाणे दक्षिण गंगोत्री तरंगत्या बर्फावर होते. ते हिमाखाली गाडले गेले आणि मैत्री हे दुसरे ठाणे शिरमाखरच्या खडकावर बांधावे लागले. या कामाची सूत्रे आज वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून हलतात.

आता त्या डागाकडे येऊ, ज्याचे नाव या लेखाला दिले आहे. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाचे पीटर फ्रेटवेल नकाशे करीत असताना त्यांना किनाऱ्यालगतच्या गोठलेल्या समुद्रावर तांबूस-तपकिरी डाग दिसला. बर्फात रंगाचे काम काय? खडक म्हणावा, तर समुद्रावर खडक कोठून आला? त्यांना तेथली पेंग्विनची वसाहत ठाऊक होती, म्हणून उलगडा झाला: ती विष्ठा होती. सम्राट पेंग्विन ऐन हिवाळ्यात, महिनोन् महिने एकाच जागी थव्याने उभे असतात. नर दोनेक महिने उपाशीपोटी पायांवर अंडे घेऊन उबवीत राहतो. एकटा पक्षी लँडसॅटला दिसत नाही, पण सगळ्या कुळाची घाण अंतराळातून दिसते! फ्रेटवेल आणि फिलिप ट्रेथन यांनी सगळा किनारा या रंगासाठी चाळला आणि २००९ मध्ये ३८ वसाहती जाहीर केल्या. त्यांतल्या १० अगदी नव्या होत्या. २०१२ मध्ये अधिक सूक्ष्म चित्रांवरून मोजणी झाली, ती सुमारे ५,९५,००० पक्ष्यांवर गेली. पूर्वीच्या अंदाजाच्या हे जवळजवळ दुप्पट. २०२४ च्या जानेवारीपर्यंत वसाहतींची संख्या ६६ झाली.

जो डाग वस्ती दाखवितो, तोच ती मोडल्याचेही दाखवितो. पिल्लांच्या अंगावर पाण्यात टिकणारी पिसे येण्यास डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तोवर पायाखालचा बर्फ शाबूत राहावा लागतो. २०२२ साली बेलिंगहाउसेन समुद्रावरचा बर्फ त्याआधीच फुटला. उपग्रहाच्या चित्रांत त्या भागातल्या ५ वसाहतींवर नजर होती. डिसेंबर लागेपर्यंत त्यांतल्या ४ डागांच्या जागी नुसते काळे पाणी होते. पाचवा, रॉथ्सचाइल्ड बेटाजवळचा, तेवढा दिसत राहिला.