तलवारीची प्रतिकृती जड का नसावी

शिवकालीन तलवारीची प्रतिकृती म्हणजे ती वजनदारच हवी, हा समज इतका रुजला आहे की कारागिराकडे जाणारा माणूस आधी किलो सांगतो, मग लांबी. ‘तेव्हाची माणसंच तशी होती’ हे त्यामागचं एकमेव प्रमाण. या समजापायी सभागृहांत आणि मिरवणुकांत दिसणाऱ्या बहुतेक प्रतिकृती मूळ शस्त्राशी बेइमान झाल्या आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

संग्रहालयांतल्या लढाऊ तलवारी साधारण एक किलोच्या आगेमागे भरतात. लांब, सरळ पात्याची फिरंग थोडी अधिक. दोन किलोंपर्यंत जाणारी विरळाच.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा झिजेचा आहे. गंज, घासणं आणि पुन्हापुन्हा लावलेली धार यांनी पातं हलकं झालं, मूळ वजन दुप्पट असेल, असं सांगितलं जातं. झीज होते, हे खरं. पण किती, याचं उत्तर पात्यावरच असतं. करवीर छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला नजर झालेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली जगदंबा तलवार घ्या. तिचं सरळ पातं सतराव्या शतकातलं, युरोपी बनावटीचं. त्यावर एक रुंद आणि दोन अरुंद पन्हळी आहेत, आणि ‘आयएचएस’ ही ख्रिस्ती अक्षरं तीनदा ठोकलेली आहेत. असा ठसा खोल नसतो. अर्धं पोलाद झिजलं असतं तर सर्वांआधी ही अक्षरं गेली असती आणि पन्हळींच्या कडाही पुसल्या असत्या. दोन्ही शाबूत आहेत.

‘हलक्या त्या दरबारी, लढाईच्या जड’ हा दुसरा युक्तिवाद तर उलटाच आहे. घोड्यावरून वार करणाऱ्याला हात पुन्हापुन्हा उचलायचा असतो, चुकलेला वार आवरायचा असतो. तीन-चार किलोंचं लोखंड एकदा सुटलं की ते धारकऱ्यालाच ओढून नेतं.

खरी गोम जाडीत आहे, आणि प्रतिकृती तिथेच फसते. छायाचित्र आणि लांबी-रुंदीवरून फक्त बाह्यरेषा मिळते. जुनं पातं मुठीजवळ बहुधा पाच-सहा मिलिमीटर जाड असतं आणि अणीकडे उतरत दोनेक मिलिमीटरवर येतं. कारागीर मात्र एकसारख्या जाडीची पट्टी कापतो. डोळ्यांना ती हुबेहूब वाटते. हातात घेतली की टोक जमिनीकडे झुकतं. म्हणून पातं दर वीतभर अंतरावर कॅलिपरने मोजलं पाहिजे आणि तलवार कुठे तोलली जाते तो बिंदू नोंदवला पाहिजे. मग कमानपाट्याचं पोलादही चालतं, पाणी नीट दिलं की झालं. स्टेनलेस स्टीलची चकाकती पट्टी भिंतीवर टांगायला ठीक.

मुठीचंही तसंच. वक्र तलवारीच्या पोकळ मुठीत पात्याचं आखूड शेपूट राळेच्या लुकणानं बसवत. आज तिथे वेल्डिंग होतं, आणि त्या आचेनं नेमक्या मोक्याच्या जागचं पाणी उतरतं. शिवाय मूठ आपल्या हाताला घट्ट होते म्हणून ती मोठी करून घेतात. ती घट्टच असायची. परज आणि मुठीवरची चकती यांच्यामध्ये पंजा जखडला, की मनगटाऐवजी खांदा-कोपरातून ओढून कापणारा वार बसतो. मूठ सैल केली की तलवार चालवण्याची ती रीतच मोडते.

कुणी म्हणेल, शोभेच्या वस्तूला एवढा काथ्याकूट कशाला? कारण मर्दानी खेळ शिकणारी मुलं याच प्रतिकृती हातात घेतात आणि त्यांवरूनच पूर्वजांच्या युद्धकलेची कल्पना करतात. जड पट्टी फिरवून त्यांना ताकद कळेल, चपळाई कळणार नाही.

संग्रहालयांना विनंती आहे की फलकावर लांबीसोबत वजन, मुठीजवळची आणि अणीजवळची जाडी, तसंच तोलबिंदूही द्यावा. आणि प्रतिकृती करून घेणाऱ्यांनी कारागिराला वजन सांगू नये, मापं द्यावीत.