ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन काय करतात?

ब्रिटनमध्ये कोकणातून गेलेली बरीच मुस्लिम कुटुंबं स्थायिक आहेत. तिथे आता अनेक घरांत वयस्क अम्मी-अब्बा आहेत. त्यांच्यासाठी आणि इथल्या त्यांच्या नातेवाइकांसाठी ही माहिती देत आहोत.

ऑक्युपेशनल म्हटलं की नोकरी-धंदा आठवतो. इथे अर्थ आहे रोजची कामं: अंथरुणातून उठणं, अंघोळ, संडास, जिना चढणं, चहा करणं. आपल्या घरात वुजू आणि नमाजही त्यात आलीच. ही कामं आजारपणामुळे, अपंगत्वामुळे किंवा वयामुळे कुठे अडतात, हे थेरपिस्ट घरी येऊन पाहतात आणि उपाय सुचवतात.

इंग्लंडमध्ये 'केअर अ‍ॅक्ट 2014' नुसार ज्याला मदतीची गरज दिसते, त्याची तपासणी करणं कौन्सिलचं कर्तव्य आहे. उत्पन्न किती, हे तपासणीच्या आड येत नाही. सांभाळ करणाऱ्या सुनेला किंवा मुलालाही स्वतःच्या गरजांची वेगळी तपासणी मागता येते.

उपाय बहुधा साधे असतात: भिंतीला पकडायचा दांडा, संडासाची उंच बैठक, अंघोळीसाठी खुर्ची. मंजूर झालेली साधनं आणि 1,000 पौंडांपर्यंतचे छोटे बदल मोफत मिळतात. जिन्याची लिफ्ट किंवा सपाट न्हाणीघर अशा मोठ्या कामांसाठी 'डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट' आहे. इंग्लंडमध्ये त्याची कायदेशीर मर्यादा 30,000 पौंड आहे. मोठ्यांच्या बाबतीत त्यासाठी उत्पन्न आणि बचत पाहिली जाते. मंजुरीआधी काम सुरू करू नका, पैसे अडकू शकतात.

आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. एक, हे लोक म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात न्यायला येतात. खरं तर माणूस स्वतःच्या घरी सुरक्षित राहावा, हाच या कामाचा उद्देश. दुसरा, बाहेरची मदत घेतली म्हणजे खिदमतीत कसूर झाली. पण अब्बांना चुकीच्या पद्धतीनं उचलताना मुलाची कंबर गेली, तर खिदमत करणार कोण?

थेरपिस्ट आले की लाजून 'सगळं ठीक आहे' म्हणू नका. वुजूला पाय धुता येत नाहीत, रात्री संडासला जाताना तोल जातो, हे स्पष्ट सांगा. भाषेची अडचण असेल तर दुभाषा मागा. अम्मींना संकोच वाटत असेल तर महिला थेरपिस्टची विनंती करा.

सुरुवात कौन्सिलच्या अ‍ॅडल्ट सोशल केअर विभागाला फोन करून होते. पडून हाड मोडण्याची वाट पाहू नका.