बेचाळीस मीटरवरचा आवाज आणि त्याचे श्रोते

चाकणचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत संग्रामदुर्ग या भुईकोटामुळे आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या फौजेपुढे तो सुमारे दोन महिने झुंजवल्यामुळे येते, बाजारभावांच्या रकान्यात ते कांद्यामुळे येते आणि अलीकडे औद्योगिक वसाहतीतील मोटारींच्या कारखान्यांमुळे. नभोवाणीच्या इतिहासात मात्र या गावाचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. तरीही नकाशा समोर ठेवला तर असे दिसते की चाकणच्या दक्षिणेस, खडकी-दिघीच्या माळावर, बिनतारी संदेश देशाबाहेर पाठवणाऱ्या जुन्या केंद्राची परंपरा आहे, आणि उत्तरेस, पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावापर्यंत गेल्यावर थोड्याच अंतरावर, अवकाशातून येणाऱ्या लहरी ऐकणारी खोडदची महाकाय दुर्बीण आहे. बोलणारे यंत्र एका टोकाला आणि ऐकणारे दुसऱ्या टोकाला, असा हा पट्टा आहे. परवान्यावाचून चालणाऱ्या रेडिओ केंद्रांचा मराठी मुलखातील इतिहास या दोन क्रियांच्या संबंधातूनच घडलेला असल्याने तो सांगताना बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याकडेही लक्ष द्यावे लागते.

हिंदुस्थानात रेडिओ आला तो सरकारी मक्तेदारीच्या चौकटीत. १८८५ चा तारायंत्र कायदा तारेवरून जाणाऱ्या संदेशांसाठी केलेला होता. त्या वेळी मार्कोनीचे प्रयोग सुरूही झालेले नव्हते. परंतु तारायंत्र उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार त्या कायद्याने सरकारकडे राखून ठेवला होता आणि तोच पुढे बिनतारी यंत्रालाही लागू झाला. १९२३ मध्ये मुंबईत हौशी मंडळींनी रेडिओ क्लब काढून कार्यक्रम प्रक्षेपित केले, ते परवानगी घेऊनच; आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेही सरकारी परवान्यावरच. त्याच वर्षी खडकी येथील प्रक्षेपण केंद्र आणि दौंड येथील ग्रहण केंद्र यांच्या साह्याने इंग्लंडशी ‘बीम’ पद्धतीचा, म्हणजे लहरी सर्व दिशांना न उधळता एकाच दिशेने झोतासारख्या सोडण्याचा, बिनतारी दुवा जोडला गेला. दिघीचे पुढील काळातील विदेश संचार निगमाचे विस्तीर्ण आवार याच परंपरेतले.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. परवाना केवळ बोलणाऱ्याला लागत नसे, ऐकणाऱ्यालाही लागे. १९२७ पासून श्रोत्याला वर्षाला दहा रुपये भरावे लागत, आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा १ जानेवारी १९३४ पासून अमलात आल्यावर परवान्याशिवाय नुसता रेडिओ संच बाळगणे हाही गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत दीर्घकाळ टिकली. पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन भरणे, त्याच्या पुस्तकावर शिक्का मारून घेणे, हा खेड्यापाड्यांतील रेडिओधारकाचा वार्षिक विधी होता, आणि तो १९८० च्या दशकात जाऊन संपला. विनापरवाना केंद्र आणि त्याचा परवानाधारक श्रोता हे दोघे एकाच कायद्याच्या दोन कलमांखाली उभे होते हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील हकिगतीतील धोका नीट कळतो.

येथे ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. हौशी रेडिओचालक, ज्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात, तो स्वतःच्या खर्चाने प्रक्षेपक बांधतो, परीक्षा देऊन परवाना मिळवतो, सरकारने दिलेल्या संकेतनामाने ओळखला जातो आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशीशी दुतर्फा संभाषण करतो. गाणी वाजवणे, बातम्या देणे, म्हणजे अनोळखी श्रोतृवर्गासाठी प्रक्षेपण करणे, याला त्याच्या परवान्यात मज्जाव असतो. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील हौशींचे परवाने रद्द झाले आणि यंत्रे जमा करण्याचा हुकूम निघाला. परवाना काढून घेता येतो, हातातली विद्या काढून घेता येत नाही. १९४२ च्या गुप्त रेडिओची मुळे याच वस्तुस्थितीत आहेत.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले आणि वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. अशा स्थितीत बातमी पोचवायची कशी, या प्रश्नाला मुंबईतील काही तरुणांनी दिलेले उत्तर म्हणजे काँग्रेस रेडिओ. बाबूभाई ठक्कर या नावाने वावरणारे विठ्ठलदास खाकर, त्या वेळी बावीस वर्षांच्या असलेल्या उषा मेहता, चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी ही त्यातील प्रमुख नावे. यंत्रसामग्रीच्या बाजूने शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवाने यांचा आधार होता, आणि प्रक्षेपक बांधणारा हात होता नरिमन प्रिंटर या परवाना गमावलेल्या हौशी तंत्रज्ञाचा. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते मजकूर पुरवत. २७ ऑगस्ट १९४२ रोजी चौपाटीवरील एका इमारतीतून पहिले प्रक्षेपण झाले, आणि केंद्राने आपली ओळख सांगताना हिंदुस्थानातील ‘कोठून तरी’ बोलत असल्याचे व आपली तरंगलांबी ४२.३४ मीटर असल्याचे जाहीर केले.

हा आकडा सहसा नुसता उद्धृत केला जातो, पण तो थांबून पाहण्याजोगा आहे. तरंगलांबी म्हणजे लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर, ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीची वारंवारता सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते, आणि युद्धापूर्वी जगभरच्या हौशींना नेमून दिलेला जो ‘चाळीस मीटरचा पट्टा’ होता त्यात ती बरोबर बसते. सरकारने हौशींना गप्प केल्यामुळे देशात रिकाम्या पडलेल्या पट्ट्यावरच काँग्रेस रेडिओ जाऊन बसला होता. हा योगायोग मानण्याचे कारण नाही. ज्या कारागिराने यंत्र बांधले त्याच्या सवयीची, त्याच्या सुट्या भागांना साजणारी आणि लघुलहरींच्या घरगुती संचावर सहज सापडणारी ती जागा होती. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन पुन्हा जमिनीवर उतरतात, म्हणूनच गिरगावातील एका खोलीतले बोलणे रात्री शेकडो मैलांवर ऐकू जाऊ शकत असे, ही गोष्ट स्थानिक मध्यमलहरींवर साधली नसती. राजकीय इतिहास लिहिणाऱ्यांनी या केंद्राचे श्रेय देशभक्तीला दिले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र हौसेच्या कारागिरीला त्यातील वाटा मिळालेला नाही, हा त्या लेखनातील उणेपणा होय.

केंद्राने काय सांगितले, हेही महत्त्वाचे आहे. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि मराठी श्रोत्याला विशेष जवळची अशी आष्टी-चिमूरच्या दडपशाहीची वार्ता या केंद्रावरून गेली. वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर या गावांत ऑगस्टच्या मध्यास लोक उठले आणि त्यानंतर तेथे जे घडले ते अधिकृत आकाशवाणी सांगणार नव्हती. केंद्र एका जागी टिकत नसे. चौपाटीवरून लॅबर्नम रस्त्यावरील अजित व्हिला, तेथून सँडहर्स्ट रस्त्यावरील लक्ष्मी भुवन, गिरगावातील पारेखवाडी, महालक्ष्मी मंदिराजवळील पॅरडाइज बंगला, अशी त्याची भटकंती चालली, कारण पोलिसांच्या गाड्या दिशाशोधक यंत्रे घेऊन फिरत होत्या. दिशाशोधक म्हणजे वलयाकार एरियल फिरवून आवाज कोणत्या बाजूने कमी-अधिक होतो ते पाहणारे यंत्र. दोन-तीन ठिकाणांहून अशा दिशा आखल्या की त्या जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक असतो.

काँग्रेस रेडिओला मिळालेला सर्वांत एकनिष्ठ श्रोता म्हणजे ही पोलीस यंत्रणा. सामान्य श्रोता घराची दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक ठेवून ऐके आणि ऐकलेले तोंडी पुढे सांगे. त्याने काही लिहून ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणे होते. पोलीस मात्र रोज ऐकत, शब्द न् शब्द उतरवून घेत आणि तारीखवार जपून ठेवत, कारण तोच पुरावा त्यांना न्यायालयात मांडायचा होता. परिणाम असा झाला की त्या प्रक्षेपणांचा जो मजकूर आज अभ्यासकांना उपलब्ध आहे, आणि ज्याच्या आधारे उषा ठक्कर यांनी २०२१ मध्ये या केंद्रावर ग्रंथ लिहिला, तो बव्हंशी शत्रूच्या कानांनी टिपलेला आहे. ज्याला आवाज बंद पाडायचा होता त्यानेच तो टिकवला.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पारेखवाडीत धाड पडली. अगोदर पकडल्या गेलेल्या तंत्रज्ञाने ठिकाण दाखवले, असे उषा मेहतांनी पुढे अनेकदा सांगितले आहे; दिशाशोधक गाड्यांना जे सुमारे अडीच महिने जमले नाही ते माणसाने एका संध्याकाळी केले. पोलीस दार तोडून आत आले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रिका लावलेली होती. प्रक्षेपकासोबत काँग्रेस अधिवेशनांची छायाचित्रे व ध्वनिपट असलेल्या बावीस पेट्याही जप्त झाल्या. विशेष न्यायाधीश लोकूर यांच्यापुढे खटला चालून १९४३ मध्ये खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहतांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली, तर विठ्ठलदास झवेरी व मोटवाने निर्दोष सुटले. उषा मेहतांची शिक्षा येरवड्याच्या तुरुंगात गेली आणि १९४६ मध्ये त्या सुटल्या. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

दुसरे उदाहरण मराठी मुलखाच्या दक्षिण सीमेवरचे आहे आणि त्याचे स्वरूप निराळे आहे. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडीजवळील आंबोलीच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पोर्तुगीज व कोकणी या दोन भाषांतून गोव्याच्या मुक्तीचा आवाज सुरू केला. पोर्तुगीजमधले नाव ‘व्होझ द लिबर्दाद’, कोकणीतले ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. दादरा व नगर हवेलीच्या मुक्तीत हाती आलेल्या बिनतारी संचांपासून त्याचा प्रक्षेपक सिद्ध झाला. पुढे हे केंद्र कॅसलरॉककडे हलले आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालत राहिले. मुक्तीनंतर या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती वार्ता गोमंतकीयांना ऐकवली. पोर्तुगीज सत्तेच्या दृष्टीने हे केंद्र पूर्णतः बेकायदा होते, पण भारतीय भूमीवर ते सहा वर्षे निर्वेध चालले, यावरून परवाना ही वस्तू कागदापेक्षा राज्यकर्त्याच्या इच्छेवर अवलंबून असते असे म्हणावे लागते. आंबोलीच्या पावसाची ज्यांना कल्पना आहे त्यांना त्या जंगलात यंत्रे कोरडी ठेवणे म्हणजे काय दिव्य असेल हे वेगळे सांगायला नको. लिबिया लोबो सरदेसाई यांना वयाच्या शंभरीत, २०२५ मध्ये, पद्मश्री जाहीर झाली.

स्वतंत्र भारतातील कायदेशीर वाट बऱ्याच उशिरा रुंदावली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला, २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ, म्हणजे एका छोट्या परिसरासाठी व त्या परिसरातील लोकांनी चालवलेले केंद्र, काढण्याची मुभा मिळाली. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ आणि बारामतीचे ‘वसुंधरा वाहिनी’ ही त्याची जवळची उदाहरणे. मात्र स्वतःच्या बातम्या देण्यास या केंद्रांना आजही परवानगी नाही, म्हणजे काँग्रेस रेडिओ ज्या एका कामासाठी जन्माला आला तेच काम आजच्या परवान्यातून वगळलेले आहे.

आता पुन्हा चाकणच्या वाटेवर येता येईल. येथून उत्तरेस, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही रचना कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी ऐकते. ती जागा निवडताना डोंगरांची आड आणि मानवी रेडिओ-गोंगाटाचा अभाव या गोष्टी पाहिल्या गेल्या होत्या. अशा कानाला आसपासचे प्रत्येक यंत्र हे अनाहूत केंद्रच असते: टीव्हीच्या एरियलला लावलेला बिघडलेला बूस्टर किंवा विजेच्या वाहिनीच्या सैल जोडावर उडणारी ठिणगी, यांपैकी कोणालाही आपण प्रक्षेपण करतो आहोत याचा पत्ता नसतो, आणि तरीही वेधशाळेचे लोक एरियल फिरवत, जवळजवळ १९४२ च्या पोलिसांच्याच रीतीने, त्याचा माग काढत जातात. फरक इतकाच की येथे सापडलेल्या माणसाला शिक्षा नसते. त्याचा बूस्टर दुरुस्त करून दिला की काम भागते.

या कानाचे वजन चाकणला वेगळ्याच प्रकारे जाणवले. पुणे-नाशिक अर्धद्रुतगती रेल्वेच्या मूळ आखणीत आळंदी, चाकण, राजगुरुनगर, मंचर आणि नारायणगाव ही स्थानके होती. ती वाट खोडदच्या वेधशाळेच्या जवळून जात असल्याने दुर्बिणीच्या कामात बाधा येईल हे कारण सांगून रेल्वे मंत्रालयाने ती सोडून दिली आणि मार्ग शिर्डीच्या बाजूने नेण्याचे ठरवले.