दक्षिणेपासून अनुदानापर्यंत

कोणत्याही जुन्या ग्रंथालयात संशोधनपर ग्रंथ उघडला की आरंभीच्या पानांवर ऋणनिर्देश आढळतो. कोणा संस्थानिकाचे, सरकारचे किंवा विद्यापीठाचे नाव तेथे आदराने नोंदलेले असते. वाचक ते पान सहसा उलटून पुढे जातो. परंतु ग्रंथ सिद्ध होण्यापूर्वी कोणीतरी कोणापुढे तरी अर्ज ठेवला, त्या अर्जाचा विचार झाला आणि काही अटींवर द्रव्य मंजूर झाले, हा सारा इतिहास त्या दोनचार ओळींत दडलेला असतो. मराठी विद्याव्यासंगाच्या संदर्भात हा इतिहास पेशवाईतील दक्षिणेपर्यंत मागे नेता येतो.

श्रावणमासात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची पेशव्यांची प्रथा सुप्रसिद्ध आहे. या दानाला धर्मकृत्याचे स्वरूप होते व ते घेणाऱ्याची जातही ठरलेली होती. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज सरकारने ही प्रथा एकदम मोडली नाही, तथापि तिचा ओघ हळूहळू वळविला. १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली ती दक्षिणेच्या रकमेतील काही भाग काढूनच. पुढे १८४९ मध्ये, लोकहितवादींच्या प्रेरणेने, या निधीतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस पारितोषिके द्यावीत आणि त्यासाठी जातीचे बंधन नसावे, अशी मागणी करणारा अर्ज पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे केला. सनातनी मंडळींनी त्यास कडाडून विरोध केला. तरीही १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. धर्मदायाचे विद्यादायात झालेले हे रूपांतर लहान नव्हते. ‘घेणारा कोण आहे’ या प्रश्नाची जागा ‘त्याने काय केले आहे’ या प्रश्नाने घेतली, आणि आजच्या प्रत्येक अनुदानाचे मूळ याच पालटात आहे.

या पालटाची फळे लवकरच दिसली. दक्षिणा निधीतून दिल्या जाणाऱ्या फेलोशिपचा लाभ रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे या दोघांनाही तरुण वयात झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच कमिटीच्या पारितोषिकाच्या निमित्ताने लिहिला गेला. पारितोषिकाची रक्कम संपून गेली, ग्रंथ मात्र शंभर वर्षांनंतरही अभ्यासकांच्या हाती आहे.

सरकारी निधीबरोबरच संस्थानिकांचा आश्रय हा दुसरा मोठा आधार होता. त्यात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव अग्रभागी येते. त्यांच्या साहाय्याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होय. जून १९१३ मध्ये बडोदे सरकारशी करार होऊन त्यांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मिळाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. तेथील अभ्यास पुरा होण्यापूर्वीच शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. स्वतंत्रपणे पाठविलेली त्यांची पुस्तके महायुद्धातील पाणतीरास बळी पडली. बडोद्यात ते नोकरीवर रुजू झाले, परंतु अस्पृश्यतेमुळे राहावयास जागाही मिळेना, आणि ती नोकरी त्यांना सोडावी लागली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठविलेली शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्या सामग्रीवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्‌सी. पदवी मिळाली. कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये छापून निघाला आणि पीएच. डी. पदवी १९२७ मध्ये हाती आली. तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीने आरंभलेले काम अशा रीतीने चौदा वर्षांनी सिद्धीस गेले. तो छापील प्रबंध त्यांनी सयाजीराव महाराजांनाच कृतज्ञतापूर्वक अर्पण केला आहे.

या कथेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. द्रव्याची मुदत आणि ज्ञानाची मुदत एक नसते, ही पहिली. आणि दाता कितीही उदार असला, तरी त्याचे द्रव्य ज्या समाजातून वाट काढीत जाते त्या समाजाचे अडथळे तो एकटा दूर करू शकत नाही, ही दुसरी.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इतिहास याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. अशी आवृत्ती व्हावी ही सूचना विंटरनिट्झ यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपातील विद्वत्‌संस्थांनी ते काम अंगावर घेतले आणि १९०८ मध्ये ल्यूडर्स यांनी काही पानांचा नमुनाही छापला. पुढे महायुद्ध आले आणि ती योजना बंद पडली.

पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली होती. पुढच्याच वर्षी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी एक लक्ष रुपयांचे वचन दिले. स्वतः चित्रकार असलेल्या या दात्याची इच्छा आवृत्ती सचित्र व्हावी अशी होती. संस्थेने ती मानली, पाठनिर्णयाचे शास्त्र मात्र संपादकांच्याच हाती ठेवले. दात्याच्या इच्छेचा मान राखूनही विद्येची स्वायत्तता सांभाळता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. १ एप्रिल १९१९ रोजी वयोवृद्ध भांडारकरांच्या हस्ते कार्यारंभ झाला.

लक्ष रुपये त्या काळी मोठी रक्कम असली, तरी एवढ्या कामास ती अपुरीच होती. काश्मीरपासून दक्षिणेपर्यंतच्या पोथ्या मिळवावयाच्या, प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र कागद आखून त्यावर पोथ्यांतील पाठ अक्षरशः उतरावयाचे, आणि शांतिनिकेतन व तंजावर येथेही हे ताडन करवून घ्यावयाचे, तर लेखनिकांचे पगार वर्षानुवर्षे चालू ठेवणे भाग होते. म्हणून संस्थेने १९२३ मध्ये विराटपर्वाची कच्ची आवृत्ती छापून देशोदेशीच्या विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हाच त्यांचा खरा अर्ज होता. ‘आम्ही करू’ असे म्हणण्याऐवजी ‘आम्ही असे करतो’ हे त्यांनी दाखविले, व आलेल्या टीकेतून कार्यपद्धती सुधारली. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रधान संपादक झाले. सुखटणकर हे बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्याच हाताखाली शिकलेले. अशा रीतीने खंडित झालेल्या युरोपीय योजनेचा धागा शिष्यपरंपरेने पुण्यात जोडला गेला. १९२७ पासून आवृत्तीचे भाग प्रसिद्ध होऊ लागले व १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले. छापून निघालेला प्रत्येक भाग हा दात्यांना दिलेला हिशेबच होता.

त्या हिशेबाच्या बळावर नवे दाते मिळत गेले. प्रांतिक सरकारे, विद्यापीठे आणि बडोदे, म्हैसूर यांसारखी संस्थाने पुढे आली. हैदराबादच्या निजामांनी दरसाल एक हजार रुपयांचे साहाय्य अकरा वर्षे दिले. संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृह त्यांच्या औदार्याची आजही साक्ष देते. महाभारताच्या कामास मुसलमान राजाने हात द्यावा यात त्या काळच्या विद्वानांना वावगे वाटले नाही, हेही नोंदविण्यासारखे आहे.

सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. मधल्या काळात इंग्रजी राज्य गेले, औंधासह संस्थाने विलीन झाली आणि पहिले दाते पंतप्रतिनिधी १९५१ मध्ये कालवश झाले. तरीही १२५९ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झालेल्या या आवृत्तीची पूर्तता २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत जाहीर झाली. हे काम कोणत्याही एका दात्यावर विसंबलेले नव्हते, म्हणूनच एकेक दाता आणि एकेक संपादक गेल्यावरही ते थांबले नाही.

आश्रय न मागण्याचा किंवा निराळ्या मार्गाने मिळविण्याचा पर्यायही मराठी विद्वानांनी चोखाळला. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढून मध्यमवर्गीयांना भाग विकले. इतिहासाचार्य राजवाडे अर्धपोटी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत राहिले. या दोघांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक अभ्यासकाने राजवाडे व्हावे अशी अपेक्षा धरणे हे समाजाने आपले कर्तव्य टाळणेच होय.

स्वातंत्र्यानंतर दात्याची जागा समितीने घेतली. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये स्थापन झाला व १९५६ मध्ये त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ मध्ये आणि इतिहासासाठी १९७२ मध्ये स्वतंत्र संशोधन परिषदा निघाल्या. आता विषय, पूर्वसंशोधन, पद्धती, कालावधी आणि खर्चाच्या बाबी लिहून द्याव्या लागतात, तज्ज्ञ त्यांची छाननी करतात, आणि शेवटी अहवाल व विनियोगाचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. संस्थानिकाच्या मर्जीपेक्षा ही पद्धत न्याय्य आहे, यात शंका नाही. तिचा धोका एवढाच की जे मुदतीत बसते तेच संशोधन, असा समज बळावतो. तीन वर्षांच्या चौकटीत महाभारताची आवृत्ती बसली नसती.

म्हणून अर्ज करणाऱ्या आजच्या अभ्यासकाने पूर्वसूरींकडून काही गोष्टी अवश्य घ्याव्यात. द्रव्य देणाऱ्याचा हेतू प्रथम नीट समजून घ्यावा आणि आपला विषय त्यात प्रामाणिकपणे बसतो का ते पाहावे. नसेल बसत, तर विषय मुरडण्याऐवजी दुसरे दार ठोठवावे. केलेल्या कामाचा नमुना संकल्पाच्या आधी दाखवावा. मोठ्या कामाचे असे भाग पाडावेत की अनुदान मध्येच थांबले तरी पुरा झालेला भाग इतरांच्या उपयोगी पडावा.

आणि अनुदान थांबते तेव्हा अभ्यासक कोठे जातो? तो ग्रंथालयात जातो. महाराष्ट्राबाहेर मराठी माणसांनी वर्गणी काढून उभारलेल्या ग्रंथालयांनी अभ्यासकाला बसावयास जागा दिली आणि हवे ते पुस्तक हाती ठेवले. त्यासाठी अर्ज किंवा मुदत लागली नाही. अशा साहाय्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. परंतु संशोधनाला मिळणारे सर्वांत दीर्घ मुदतीचे अनुदान हेच होय, आणि शंभर वर्षे ते अखंड देत आलेल्या संस्थेचे ऋण ग्रंथाच्या पहिल्या पानावर नोंदले जावे, हे सर्वथा उचित आहे.