घरच्या बागेतील लाल अंबाडी
लाल अंबाडी ही जास्वंदीच्या कुळातील वर्षायू वनस्पती. पावसाळ्याच्या प्रारंभी पेरल्यास ती दीड-दोन मीटर वाढते. कुंडी मोठी व खोल हवी. शेंडे खुडल्यास फांद्या फुटतात, आणि कोवळा पाला ज्वारीच्या कण्या घालून केलेल्या आंबट भाजीस कामी येतो.

फुलोरा मात्र रात्र मोठी होऊ लागल्यावरच धरतो. गच्चीतील दिव्याचा प्रकाश रात्रभर झाडावर पडत राहिल्यास पाला भरघोस येऊनही फुले लांबतात. दोष मात्र बिचाऱ्या बियाण्यास दिला जातो.

सरबतासाठी वापरतात त्या फुलांच्या पाकळ्या नव्हेत, तर बोंडाभोवतीचा मांसल, तांबडा निदलपुंज. तो फूल गळल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत, निबर होण्यापूर्वीच काढावा. बियाण्यासाठी काही बोंडे झाडावरच वाळू द्यावीत.