खाजणाचा इस्तावा

बाणकोटपासून जैतापुरापर्यंत रत्नागिरीच्या किनाऱ्यात ज्या खाड्या शिरल्या आहेत, त्यांतून भरतीचे पाणी दिवसातून दोन वेळा कित्येक कोस आत येते. आणि सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी या नद्यांनी आणलेला गाळ त्या पाण्यात जेथे स्थिरावतो, तेथे खाजण तयार होते. कातळाने व्यापलेल्या या मुलखात खोल मातीची सपाट जमीन इतकी दुर्मिळ, की बांध घालून समुद्राकडूनच ती मिळविण्याचा उद्योग येथील कुणबी पिढ्यान् पिढ्या करीत आला.

पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल देऊन सारा क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याची, म्हणजे इस्ताव्याची, रीत मराठेशाहीत रूढ होती. पुढे मुंबई सरकारच्या महसुली नियमांनीही खाजण उठवणाऱ्यास पहिली दहा वर्षे माफी आणि पुढील वीस वर्षे एकरी चार आणे अशी सवलत ठेविली. या सवलतीत औदार्य कमी आणि मातीची जाण अधिक होती, असे माझे मत आहे.

कारण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि असे पाणी शेतात मुरले म्हणजे ओलावा असूनही मुळांना तो ओढून घेता येत नाही. ही हानी तात्काळ दिसते. दुसरी सावकाश होते. क्षारांतील सोडियम चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा बळकावतो, कण विलग होतात, छिद्रे बुजतात, आणि तीच माती पावसात रबडी व उन्हात दगड होते. कोकणचा तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस वरचे मीठ धुऊन काढतो खरा, परंतु वैशाखात खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढून पृष्ठभागावर पांढरा थर धरते. म्हणूनच जुना शेतकरी खार जमिनीत नांगर घालीत नसे. जमीन भिजली की मोड आलेले भाताचे बी चिखलावर फेकी, आणि तेही काळा राता, भुरा राता अशा खारेपण सोसणाऱ्या वाणांचे. खाडीकाठच्या विहिरीचा उपसा वाढला की तिचे पाणी मचूळ होते, आणि उन्हाळ्यात त्यावर भाजी करणारा प्रत्येक पाळीला शेतात मीठच सोडत असतो. माड तेवढा ते पुष्कळ सोसतो.

सारी भिस्त बांधावर आणि उघाडीवर. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारी व भरतीला मिटणारी ही झडप निकामी झाली, किंवा उधाणाने बांधाला खांड पाडली, तर वर्षावर्षांची धुलाई एका रात्रीत व्यर्थ जाते. मग डागडुजी करावयाची कोणी? गावाचा सारा गोळा करणारा आणि पिकाचा निम्मा वाटा म्हणजे अर्धेल घेणारा खोत कुळाकडे बोट दाखवी, कूळ खोताकडे. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या खारेपाटातील कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सुमारे सहा वर्षे खोतांविरुद्ध संप चालविला. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. 1948 साली खार जमिनींचा कायदा झाला, 1949 च्या कायद्याने खोती गेली, आणि 1979 च्या कायद्याने खारभूमी विकासाची नवी व्यवस्था लाविली.

परंतु बांध हा वर्षातून एकदा तपासावयाचा दस्तऐवज नव्हे; त्यावर सतत नजर लागते. माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेल्यावर मोडलेल्या बांधांच्या आत कांदळ उगवले, आणि 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने खाजगी जमिनीवरील कांदळवनालाही संरक्षण दिल्यापासून असे भाताचे शेत पुन्हा बांध घालून उठविणे मालकासही सहजासहजी शक्य राहिलेले नाही.