संवादी अध्यापनयंत्राची मर्यादा

यंत्राने विद्यार्थ्याशी संभाषण करीत शिकवावे, ही कल्पना आजची नव्हे. १९७० साली अमेरिकेत हाइमे कार्बोनेल यांनी दक्षिण अमेरिकेच्या भूगोलासाठी ‘स्कॉलर’ ही संगणकप्रणाली सिद्ध केली. तत्पूर्वीची अध्यापनयंत्रे ठरीव प्रश्न विचारीत. ‘स्कॉलर’ला मात्र विद्यार्थीही उलट प्रश्न करू शके. तिची उत्तरे परस्परांशी जोडलेल्या तथ्यांच्या जाळ्यातून निघत. जाळ्याची सीमा तीच तिच्या वाणीची सीमा होय.

२०१६ साली जॉर्जिया टेक या संस्थेत अशोक गोएल यांनी ऑनलाइन वर्गासाठी ‘जिल वॉटसन’ हा यांत्रिक सहायक योजिला. उत्तराची ९७ टक्के खात्री असेल तरच तो बोले. एरव्ही प्रश्न मानवी अध्यापकांकडे राही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अवतरलेल्या चॅटजीपीटीने विषयांची कुंपणे मोडली. वर्गांत व कचेऱ्यांतील प्रशिक्षणांत असे संवादक शिरले. त्यांची भाषा ओघवती. परंतु चुकीचे उत्तरही ते त्याच ओघात देतात. नवशिक्याला हा भेद सहसा उमगत नाही. तो ओळखण्याइतके ज्ञान मिळविण्यासाठीच तो आलेला असतो. सारांश, जो संयम पूर्वीच्या यंत्रांच्या रचनेतच होता, तो आता अध्यापकालाच पुरवावा लागतो.